आवाज नाही, तर किचन नाही

जपानी रश्शात घालतात त्या सुक्या माशाचा धुरकट वास आला की आजही माझे तळहात घामेजतात. परदेशात, टूवूंबा शहरातल्या एका जपानी जोडप्याच्या छोट्या हॉटेलात मी तीन दिवसांच्या ट्रायलवर होते आणि तो शेवटचा दिवस होता. तिथे कुणाच्याही पाठीमागून जाताना ‘उशिरो!’, म्हणजे मागून येतेय, असं ओरडायची पद्धत. नववीत शाळा सुटली तेव्हापासून चारचौघांत नवा शब्द बोलायचा म्हटलं की माझा आवाजच फुटत नसे. त्यात पाठमोऱ्या मोठ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? मी पुटपुटायचे. मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, “आवाज नाही, तर किचन नाही.” दिवसभर मी तो शब्द घोकत राहिले. संध्याकाळी उकळत्या रश्शाचं पातेलं घेऊन निघाले आणि नेमक्या त्याच एक पाऊल मागे सरकल्या. शब्द कुठला आठवायला! तोंडातून खणखणीत मराठीतच निघालं, “ओ बाई, सरका, गरम आहे!” त्या टुणकन बाजूला झाल्या. पातेलं कसंबसं ठेवलं. म्हटलं, गेली नोकरी. “सॉरी, सॉरी,” मी म्हणाले. त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “सॉरी कशाला? तीन दिवसांत आज पहिल्यांदा ऐकू आलीस. उद्या दहाला ये. फक्त जपानीत ओरड.” त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही. नव्या जागी तोंड उघडायच्या आधी छातीत अजूनही धडधडतं, आणि म्हणूनच मी जरा मोठ्यानेच बोलते.