दोन नंबरांचा एक रस्ता

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. माझा शाळासोबती दत्ता उद्या कायमचा मुलाकडे बंगळूरला चाललाय. तो जतहून, मी विश्रामबागेतून निघालो. वाटेत हायवेवर भेटायचं ठरलं.

फोनवर मी रस्त्याचा नंबर सांगितला.

"चुकलास गड्या! मी दुसऱ्याच हायवेवर हाय."

आता कसली भेट, असं वाटून मन खट्टू झालं. तेवढ्यात पाटी दिसली. दोन्ही नंबर एकाखाली एक! इथे दोन महामार्ग काही अंतर एकाच रस्त्याने जातात.

थोडं पुढे चहाच्या टपरीवर दत्ता उभा.

"लय म्हातारा झालास रं!"

शाळेतली कविता दोघांनी चालीवर म्हटली. मी विसरलेलं कडवं त्याला येत होतं.

निघताना म्हणाला, "दिवाळीला येतो. हितंच थांब."

तुमचं कुणी भेटायचं राहिलंय का?