दोन्ही वापरा

नांदेडला आम्ही चौदा वर्षं राहिलो, पण घरकामाला बाई शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. सासूबाईंच्या काळापासून गल्लीतलीच एक मावशी धुणंभांडी आणि फरशी करायची. ती कधी येते, काय लावून मोरी घासते, मला काही पत्ता नसायचा. मी सकाळी कॉलेजात शिकवायला जायचे आणि परत यायचे तेव्हा घर स्वच्छ असायचं. ते आपोआप होतं, असंच मला वाटत असावं.

मग लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला बोलावणं आलं. नवऱ्याची नोकरी नांदेडलाच, रेल्वेत. मुलगी शिकायला बाहेर. ठरलं असं की मी आणि सासूबाईंनी लातूरला भाड्याने फ्लॅट घेऊन राहायचं आणि नवऱ्याने दर शनिवारी यायचं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, मला सकाळी सातचा पहिला तास. बाई लागणारच होती.

वॉचमनला सांगून ठेवलं होतं. रविवारी सकाळी एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पदर खोचलेला, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, माणसं किती, नळाचं पाणी कुठं साठवता, फरशी रोज की दिवसाआड. मला बरं वाटलं. तेवढ्यात खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

त्यांनी आडनाव सांगितलं. आमच्या भागात आडनाव कळलं की गावात घर कोणत्या बाजूला हे ऐकणाऱ्याला कळतं. बाई बौद्ध होत्या. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी स्वतःला असलं काही न मानणारी समजत आले होते. वर्गात कोणाला आडनावावरून ओळखायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळते. पण त्या सकाळी नव्या घरात पहिल्याच आठवड्यात वाद नको, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "बरं, कळवते."

त्याच दुपारी दुसरी बाई आली. ती निलंग्याकडची, सासूबाईंच्या माहेरच्या गावाजवळची. दोघींच्या ओळखीपाळखी निघाल्या आणि एक तारखेपासून तिचं काम ठरलं.

एक तारखेला सकाळी दार उघडलं तर दोघी उभ्या. पहिल्या बाईंनी आमच्यासाठी एक घर सोडलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कळवते म्हणलात, मला वाटलं हो म्हणून राहिलात." आम्ही शिकलेली माणसं 'नाही' म्हणायचं टाळण्यासाठी हा शब्द वापरतो, हे त्यांना कुठून माहीत असणार. मी अडखळत म्हणाले की दुसरं ठरलंय. त्यांनी मान हलवली.

"तोंडावर न्हाई म्हणला असता तर ते घर हातातलं गेलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून जिना उतरल्या.

दुसरी बाई जेमतेम चार दिवस टिकली, आणि तेही माझ्यामुळेच. नांदेडला गोदावरी उशाशी, त्यामुळे पाण्याचा हिशेब मला कधी करावाच लागला नव्हता. लातूरला नळ आठवड्यातून एकदा यायचा. ते पाणी निळ्या ड्रममध्ये पिण्यासाठी ठेवलेलं, आणि बाकी सगळं बोअरवर. हे सासूबाईंना ठाऊक होतं. मला कोणीतरी सांगितलंही होतं, पण मी ते नीट ऐकलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्या बाईने विचारलं, गॅलरी धुवायला कुठलं पाणी घेऊ. मी फोनवर होते. हाताने कुठलंही घे अशी खूण केली. तिने निळा ड्रम घेतला. गॅलरी झकास झाली आणि आमचं अख्ख्या आठवड्याचं प्यायचं पाणी खालच्या पार्किंगमध्ये वाहून गेलं. सासूबाईंनी तिला बोल बोल बोलून घेतलं. मॅडमनीच सांगितलं, असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणाले, पण उशिरा आणि हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

पुढचे दहा दिवस मीच सगळं केलं. म्हणजे करायचा प्रयत्न केला. एकदा वर्गात फळ्याकडे वळले तर कंबर धरली. घरी येऊन पाहते तो सासूबाई भिंतीला धरून फरशी पुसायला निघालेल्या. मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्या पलंगावर बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती पहिली आलेली बाई बरी होती. चपला जोडून ठेवलेल्या मी बघितल्या. बघ तिला विचारून."

शेजारच्या इमारतीच्या गेटवर मी त्यांना गाठलं. माफी मागायची तयारी मनात केली होती, पण त्यांनी ती वेळ येऊ दिली नाही. काम करते म्हणाल्या, पण दोन गोष्टी सांगते. एक, मला ताई म्हणा नाहीतर बाई म्हणा, 'ए' म्हणून हाक मारायची नाही. दुसरी, जे असेल ते सरळ सांगायचं. 'कळवते' म्हणायचं नाही. मी दोन्हीला होकार दिला.

ताई आल्या आणि घराला घरपण आलं. पाणी, कचरा, दूध, कपडे, कशाचंच मला काही सांगावं लागायचं नाही. सासूबाईंनी चहासाठी एक स्टीलचा ग्लास पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवला होता. तो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. ताईंनीही पाहिला असणार. त्या आमच्याकडे चहा घ्यायच्याच नाहीत.

दोनेक महिन्यांनी ते घडलं. बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या फरशीवर पांढरे जाड डाग बसले होते. शनिवारी नवऱ्याबरोबर त्यांचे दोन मित्र मुक्कामाला येणार होते. मी दुकानातून सुटं अ‍ॅसिड आणलं, ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दिलेलं. ब्लीचचं मोठं कॅन स्वस्त पडतं म्हणून आणलेलं होतं, त्यातलं थोडं सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलं. दोन्ही बाटल्यांवर काही लिहिलं नाही. सकाळी निघताना ताईंना म्हणाले, "आज बाथरूम तेवढं चकाचक करा. एकाने डाग गेले नाहीत तर दोन्ही वापरा."

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने हे सांगितलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, हे समीकरण मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मुलांकडून पाठ करून घेते. पण घरात ते माझ्या डोक्यात आलंच नाही. घरातलं बाथरूम आणि वर्गातला फळा यांचा माझ्या लेखी काही संबंधच नव्हता.

ताईंनी आधी अ‍ॅसिड ओतलं. पुरेसं झालं नाही, तेव्हा दुसरी बाटली ओतली. पाणी बाहेर उडू नये म्हणून दार लोटून घेतलेलं होतं. बाहेर बसलेल्या सासूबाईंना खोकला ऐकू आला, मग काहीतरी आपटल्याचा आवाज. त्या भिंतीला धरून गेल्या आणि दार ढकललं. ताई दारातच खाली बसलेल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ज्या गुडघ्यांनी सासूबाईंना एकटीने जिना उतरवत नाही, त्या गुडघ्यांवर जोर देऊन त्यांनी ताईंना दंडाला धरून ओढत गॅलरीत आणलं. बाथरूमचं दार बाहेरून लावलं. आपल्या उशाशी असलेला तांब्या आणून ताईंच्या डोळ्यांवर पाणी मारलं, तोच तोंडाला लावला. माझा फोन वर्गात बंद. त्यांनी नांदेडला मुलाला लावला, त्याने क्लासच्या ऑफिसला, आणि शिपाई मला बोलवायला आला.

मी स्कूटीवर कशी आले ते आठवत नाही. वॉचमनने रिक्षा आणून ठेवली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि विचारलं, नेमकं काय काय मिसळलं होतं. मी दोन्हींची नावं सांगितली, कुठला वायू झाला असेल तेही सांगितलं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, आपण काय करता.

"रसायनशास्त्र शिकवते," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा लिहायला लागले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ताईंचा श्वास बराच सुधारला. धोका नाही, पण आठ दिवस काम बंद, धूर-धूळ वर्ज्य, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंना आपल्यापेक्षा बाकीच्या तीन घरांची फिकीर. आठ दिवस गेलं नाही तर लोक दुसरी बाई बघतील, त्या म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. मी सांगितलं तसंच तुम्ही केलं. मी चुकीचं सांगितलं."

 त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाव होतं ना मॅडम?"

"होतं."

"मग मला का सांगितलं न्हाई?"

मी त्यांच्या बाकीच्या तीन घरांचे पत्ते विचारून घेतले. 

दुसऱ्या दिवशी तास संपवून मी त्या तिन्ही घरी गेले. प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं की माझ्या चुकीमुळे ताई आजारी आहेत, आठ दिवस त्यांची जागा धरून ठेवा. पहिल्या घरच्या बाईंनी लगेच मान्य केलं. दुसऱ्या घरी एक आजोबा होते, त्यांनी मला आत बोलावून सगळा प्रकार दोनदा सांगायला लावला. तिसऱ्या घरच्या बाई आधी कुरकुरल्या, इतके दिवस कसं भागवायचं म्हणाल्या. मग विचारलं, असं झालं तरी काय. मी सांगितलं. त्या उठल्या आणि सिंकखालून दोन बाटल्या घेऊन आल्या. एकीत अ‍ॅसिड, दुसरीत ब्लीच. आम्हीही असंच करतो की, त्या म्हणाल्या. खाली बसून आम्ही दोघींनी त्या बाटल्यांवर कागद चिकटवले.

नवव्या दिवशी ताई कामावर आल्या. आमच्या बाटल्यांवरही मी चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यांनी एकेक बाटली उचलून वाचली.

"मी धाव्वी पास हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "पण हे इंग्रजीत लिहिलंय. मराठीत लिहा. आणि कशात काय मिसळायचं न्हाई, तेबी लिहा."

मी पुन्हा लिहिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि आणखी प्रती मागितल्या. त्यांच्याबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना द्यायच्या होत्या. त्यातल्या काहींना वाचता येत नाही, मग तुम्हीच समजावून सांगा की, असं म्हणाल्या. अशा रीतीने रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये नऊ बायका जमल्या.

मी पंधरा वर्षं शिकवते, पण त्या दुपारइतकी घाबरले नव्हते. समीकरण कामाचं नव्हतं. मी बाटल्या समोर मांडल्या, झाकण उघडायच्या आधी काय बघायचं, वास आला तर आधी काय करायचं, दार कधीच का लावायचं नाही, हे सांगितलं. त्यांनी विचारलेले प्रश्न माझ्या हुशारातल्या हुशार मुलांनी कधी विचारले नव्हते. अ‍ॅसिड सांडल्यावर आधी पाणी भरपूर टाकलं आणि मग दुसरं वापरलं तर चालतं का. हाताची कातडी सोलते ती कशाने. पोटुशी बाईने काय टाळावं. दोन प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. बघून सांगते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी खरंच सांगितली.

सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा केला. घरात तेवढे कप नव्हते. जे हाताला लागलं त्यात चहा ओतला गेला, त्यात तो स्टीलचा ग्लासही कोणाकडे तरी गेला. त्यानंतर तो ग्लास मांडणीत बाकीच्या ग्लासांमध्ये लागला. सासूबाई एकदम बदलल्या असं मी म्हणणार नाही. नव्या माणसाचं आडनाव विचारायची त्यांची सवय अजून आहे. पण ताई आल्या की त्या टीव्ही बंद करतात आणि दोघींच्या गप्पा सुरू होतात. ताई आता आमच्याकडे चहा घेतात, कधीकधी स्वतःच करतात.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं. त्यांनी ताईंना कामासाठी विचारलं, आणि बोलणी आमच्याच दारात चालली होती म्हणून मला ऐकू आली. ताईंनी आधी माणसं किती ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुमचं बाथरूम दाखवा. आणि साफसफाईला काय काय वापरता त्या बाटल्या बाहेर काढून ठेवा. बघते, मग सांगते."

ती मुलगी जरा गोंधळली. मग वर पळत गेली आणि दोन्ही हातांत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन खाली आली. ताईंनी पायरीवर बसून एकेक उलटून वाचायला घेतली.