बघायला नव्हे, खेळायला

धारगळला हायवेवर बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा डिचोलीहून भाचीचा फोन आला. "आते, आय गेली." बस आली, थांबली, निघून गेली... भाचीची आई, माझी शालनवहिनी, फार दिवसांची सोबती नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी तिथेच उभी राहिले.

वहिनी पेडण्याकडच्या हळर्ण गावची. कॉलेजात असताना बॅडमिंटनमध्ये तिला हरवेल अशी मुलगी पेडण्यात नव्हती. माझ्या दादाशी लग्न होऊन ती डिचोलीला आली, ती नेमकी शहरातल्या जुन्या क्लबाच्या शेजारी. पोर्तुगीज अमदानीत मोजक्या घराण्यांनी बांधलेला हा खासगी क्लब. उंच कौलारू छप्पर, लाकडी जमीन, मधोमध एकच कोर्ट. आमचे वडील सदस्य, म्हणून दादाही सदस्य. बायकांना मात्र सदस्यत्व नव्हतं. त्यांनी बक्षीस समारंभाला यायचं, बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. रविवारी दुपारी गाव जेवून झोपलं की दादा वहिनीला घेऊन जायचा आणि दोघं घामाघूम होईपर्यंत खेळायची. बहुतेक वेळा दादाच हरायचा. संध्याकाळी मित्रांपुढे तो हे सांगत नसे.

अशाच एका रविवारी शटल परतवता परतवता दादा गुडघ्यांवर बसला. वहिनीला वाटलं, बुटाची नाडी सुटली. ती जाळीपलीकडे थांबून राहिली. जवळ गेली तेव्हा सगळं संपलेलं होतं... बाईने नवऱ्याला खेळवून मारलं, असं गावात बोललं गेलं. तिच्या कानावर आलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर ती क्लबाच्या सेक्रेटरीकडे गेली. सोबत मी होते. नवऱ्याच्या जागी मला सदस्य करून घ्या, असं तिने सरळ सांगितलं. तो बिचारा दादाचाच मित्र. मान खाली घालून म्हणाला, "बायकांका सदस्य करूची पद्धत नाय आमच्यात. बघूक केव्हाय येवा."

"बघूक नको. माका खेळूचा आसा."

परतताना मला राहवलं नाही. "वहिनी, जंय दादा पडलो, थंयच?"

तिने वळून क्लबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरात तो माका खंयच गावना गो. थंय गावतलो." घरात न सापडणारा दादा तिला त्या कोर्टावर सापडणार होता.

दर वार्षिक सभेच्या आधी ती विचारायला जायची आणि नकार घेऊन यायची. वर्षं गेली. आसपासच्या खनिजाच्या खाणी बंद पडल्या, जुनी घराणी पणजीकडे सरकली, क्लबात संध्याकाळी दिवे लावायलाही माणूस मिळेना. तेव्हा कुठे बायकांना दार उघडलं. तत्त्वाने नव्हे, माणसं उरली नाहीत म्हणून. तोवर वहिनीचं कॅन्सरमुळे छातीचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर उजवा हात सुजलेला, खांद्याच्या वर जात नव्हता. "आता जागा गावली, आनि हात नाय," ती म्हणाली.

तिने रॅकेट डाव्या हातात घेतली. सगळ्यांकडून हरली, शाळकरी पोरींकडूनसुद्धा. कुणी दयेने टाळ्या वाजवल्या की तिचा चेहरा कडक व्हायचा. एकदा मी हळूच विचारलं, "दादा गावलो?"

"नाय. थंय पण नाय तो." ...दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खेळायला गेली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग दुखणं हाडात उतरलं आणि खेळणंही संपलं.

बाराव्यानंतर भाची आणि मी तिचे बूट आणायला क्लबात गेलो. बायकांना कपडे बदलायला तिथे वेगळी खोली नाही. शटलची खोकी ठेवतात त्या कोंदट खोलीतच बदलायचं. त्या दाराला आतून कडी नव्हती, ती वहिनीने सुतार बोलावून बसवून घेतली. कडी विचित्र खाली आहे, मांडीच्या जरा वर. तिचा उजवा हात आयासाशिवाय पोचायचा तेवढ्या उंचीवर. आता येणाऱ्या मुली वाकून ती लावतात. इतकी खाली का, हे त्यांना माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

भाची बाहेर थांबली. मी आत जाऊन बूट उचलले. मग दार लोटलं आणि वाकून कडी लावली. कोर्टावर दोन मुली खेळत होत्या, शटलचा आवाज येत होता... बराच वेळ मला ती कडी काढवली नाही.