एका नळीवर दोन लेकरं

"ए बाई, आपलं पोट्टं उचल. माह्या नातवाले नळी लावू दे."

पाटलीणबाई खाटेपासून चार हात दूर उभी राहून बोलत होती. पदर नाकावर. पांढरकवड्याच्या दवाखान्यात हवेची टाकी एकच होती, आणि तिची नळी माझ्या तान्ह्या पोराच्या तोंडाशी होती. पोराला डब्बा झालेला. छाती कफानं भरलेली, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. नर्सबाईनं नळीला नरसाळं लावून नाकातोंडावर धरलं, तेव्हा कुठं त्याच्या जांभळ्या ओठांवर रंग येऊ लागला होता.

पाटलीणबाईच्या मागं तिची सून. कडेवर तिचं तान्हं, तसंच धापा टाकणारं. आमच्याच गावची माणसं. त्यांच्या वावरात मी निंदायला जायची. त्यांची हाक आली की उठायचं, एवढंच माझ्या पायांना ठाऊक. मी अर्धी उठलेही. मग पोराकडं पाहिलं आणि परत बसले.

"मी उठत नाही. नळी काढली तं माहं लेकरू मरते."

"धर्म बदलला तं लय तोंड फुटलं वं तुले. आता आमच्या वावरात पाय ठेवजो नको."

नर्सबाई मधे पडली. "भांडू नका. दोघांले एका खाटेवर टाका, तोंडाशी तोंड. मी नरसाळं मधात धरतो. दोघांलेही पुरते."

मी पोराला लगेच कडेला सरकवलं. जागा झाली. सून लेकरू ठेवायला वाकली. पाटलीणबाईनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

"महारनीच्या गोधडीवर? त्यापरीस यवतमाळले नेतो."

 पण सुनेनं लेकरू अजून पुढंच धरलं होतं, माझ्या हाताला लागेल इतकं जवळ. मी ते घ्यायला पाहिजे होतं. माझा हात वर आला आणि तिथंच थांबला. शिवू नये म्हणून. नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली मी, घरचे देव नदीत सोडलेली मी, आणि माझाच हात आखडला.

ते गेले. यवतमाळ यायच्या आधी, मोटरीतच ते लेकरू गेलं.

माझं जगलं. वस्तीतल्या बाया म्हणतात, तुहा काय दोष वं माय, ज्याचं पाप त्याच्यापाशी. मला तसं सुटता येत नाही. खाट सोडली नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या लेकराला नुसता श्वास पाहिजे होता, आणि मी पाटलीणबाईचा विटाळ पाळला. ती सून रस्त्यात दिसली की माझी मान खाली जाते. लाज वाटते मला.

पुन्हा असं लेकरू समोर आलं, तर कोणाला विचारणार नाही. त्याची आजी शिव्या देवो, अख्खं गाव अंगावर येवो. आईच्या हातातून हिसकून घेईन आणि नळीखाली ठेवीन. विटाळाचं काय ते, लेकराला श्वास आल्यावर पाहू.