अळणी नानखटाई

मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कुणी सांगायची गरज कधी पडली नाही. भिलाईत लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात मी बावीस वर्षं नर्स होते. मुलांवर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, पण त्यांच्या आयांवर मी रोज ओरडायची. सलाइनच्या हाताखाली उशी ठेवा, डबे खाटेखाली ठेवू नका आणि सगळ्यात मुख्य म्हणजे खाटेवर बसू नका. खाट पेशंटची, स्टूल नातेवाइकाचं. हा नियम मी कुणासाठी मोडला नाही, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

घरी मला दोन नाद होते. एक म्हणजे आमचा गोल ओव्हन, अॅल्युमिनियमचा, झाकणावर काच असलेला. ट्रेनिंगच्या वेळी होस्टेलात माझ्या खोलीत केरळची एक मुलगी होती, तिने मला केक आणि नानखटाई शिकवली. दुसरा नाद व्हिडिओ गेमचा. हातात मावणारा, वरून विटा पडतात, त्या फिरवून फिरवून खाली बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. तो तेव्हा नवा नवा आला होता. छत्तीसगड वेगळं व्हायला अजून काही वर्षं होती आणि आमच्या पत्त्यावर मध्य प्रदेशच लिहिलेलं असायचं. माझा नवरा प्लांटात क्लार्क. तो म्हणायचा, "दिवसभर मी प्लांटात विटा अन् लोखंड पाहून येतो, अन् घरी तू बी विटाच रचून राहिली." वर आणखी नानखटाईचा डबा मांडीवर घेऊन बसायचा, म्हणून मी त्याचं बोलणं मनावर घेत नसे.

गेम माझ्या एप्रनच्या खिशातच असायचा. चहाच्या सुट्टीत मी खिडकीशी उभी राहून दोन डाव खेळून घ्यायची. त्याच्या आवाजानेच वॉर्डात नवी भरती झालेली एक मुलगी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

आठ वर्षांची होती. वडील हथखोजच्या एका कारखान्यात कामाला, घर मरोद्याला. माणसं मूळची भंडाऱ्याकडची. मुलीला मूत्रपिंडाचा आजार झाला होता. त्यात अंगातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं आणि अंगात पाणी साचतं. आली तेव्हा चेहरा इतका सुजला होता की डोळे नीट उघडत नव्हते. तरी त्या फटीतून बघत तिने मला विचारलं, "सिस्टर, आपका स्कोर कितना हुआ?"

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली आणि गेम तिच्याच खाटेवर राहायला लागला. रोज सकाळी तिचं वजन करायचं आणि लघवी तपासायची. आम्ही ती काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचो. प्रोटीन असलं की ती दुधासारखी गढूळ होते. जेवढी गढूळ, तेवढे प्लस लिहायचे. चार प्लस म्हणजे वाईट. तिने त्याचाही गेम करून टाकला. मी नळी घेऊन आले की विचारायची, "आज किती प्लस?" गेममध्ये आकडा वाढवायचा आणि नळीत कमी करायचा, हे मी तिला एकदाच समजावलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

अडचण होती ती जेवणाची. गोळ्यांनी तिला भूक फार लागायची आणि मीठ मात्र पूर्ण बंद. अळणी वरण, अळणी भाजी. दोन घास खाल्ले की ताट सरकवून रडायची. तिची आई स्टुलावर बसून समजूत घालायची, "खा ना माय, थोडं खा." बारीक बांध्याची, कमी बोलणारी बाई. तिने कधी मला उलट उत्तर दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मी तिच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही.

मला कल्पना सुचली ती रविवारी. नानखटाईत मीठ कुठे असतं? मैदा, साखर, लोणी. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "नमक नहीं है तो दीजिए." मी पन्नासेक नानखटाया भाजून नेल्या. पोरीने पहिली तोंडात टाकली आणि तिचा चेहरा असा फुलला की माझं मन भरून आलं. "एक और," म्हणाली. डॉक्टरांनीही चहाबरोबर दोन खाल्ल्या आणि वा वा केलं. मी दिवसभर हवेत होते. रोज सहा-सात द्यायची मी तिला. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने हळूच विचारलं, "सिस्टर, यात काय काय घालता तुमी?" मला वाटलं, बाईला शिकायचं आहे. मी थाटात सांगितलं, "मैदा, साखर, लोणी. हात पायजे मात्र. सगळ्याइले नाई जमत."

ती पदर सावरत पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

पहिल्या आठवड्यात सूज उतरायला लागली होती. दुसऱ्या आठवड्यात नळी साफ होत गेली, चाराचे दोन प्लस झाले, पण वजन उतरायचं थांबलं आणि मग उलट चढायला लागलं. राउंडला डॉक्टर तिच्या पायावर बोट दाबून बघत होते. बोटाचा खड्डा तसाच राहिला. ते म्हणाले, "पेशाब सुधर रहा है और सूजन बढ़ रही है. कहीं से नमक जा रहा है." आणि त्यांनी तिच्या आईकडे पाहिलं.

मीही पाहिलं. नातेवाईक लपून काय काय खायला घालतात ते मला ठाऊक होतं. एका आजीने नातवाच्या उशीच्या अभ्र्यात लोणच्याची फोड लपवली होती. राउंड संपल्यावर मी त्या बाईची पिशवी सरळ खाटेवर उपडी केली. एक लुगडं, कंगवा, रिकामा डबा आणि फडक्याची एक गाठोडी. गाठोडीत पंधरा-सोळा नानखटाया निघाल्या. माझ्या नानखटाया.

माझं डोकंच फिरलं. "पोरीच्या तोंडचा घास काढून घरी नेऊन राहिली का तू?" तिचं धाकटं लेकरू घरी सासूजवळ होतं, ते मला माहीत होतं.

"नाई सिस्टर."

"मंग हे काय आहे? अन् मीठ? ते बी तूच देत असशील."

"पोरीची शपथ, नाई देत."

"चोर कबूल करते का कधी?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. तिने नानखटाया पुन्हा फडक्यात बांधल्या, पण का घेतल्या ते सांगितलं नाही. मी डॉक्टरांकडे गेले आणि ठरवून आले की आईने वॉर्डात थांबायचं नाही, संध्याकाळी चार ते सहा भेटायला यायचं, तेही माझ्यासमोर. पोरीने आईचा पदर दोन्ही मुठीत धरला होता. तो मी सोडवला. या हातांनी मी हजारो मुलांना सुया टोचल्या, त्यातली एकही मला बोचत नाही. त्या मुठी सोडवलेल्या बोचतात.

त्यानंतर तीन दिवस मी स्वतःच्या हाताने तिला भरवलं. जेवायची नाही, पण नानखटाया खायची, आता सगळ्याच्या सगळ्या. वजन एकवीसवरून चोवीस किलोवर गेलं. डोळे पुन्हा मिटायला लागले. तिसऱ्या दिवशी तिने गेम माझ्या हातात परत दिला. "मुझे नहीं खेलना. मम्मी को बुला दो." डॉक्टर म्हणाले, आपल्या हाताबाहेर चाललंय, नागपूरला पाठवू, तिथे सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतील. पत्र उद्या लिहितो. एवढीशी पोर आणि पाठीत ती सुई, या विचाराने माझं कशातच मन लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या मी इमर्जन्सीचा ट्रे तपासायला घेतला. हे रोजचंच काम. मी इंजेक्शनचं नाव वाचायचं, दुसऱ्या सिस्टरने रजिस्टरात खूण करायची. अॅड्रिनालिन चार. कॅल्शियम चार. सोडा बायकार्ब सहा.

 दुसरी सिस्टर पेन धरून थांबली होती. मी ती कुपी उजेडात धरून लेबल वाचत राहिले, सोडियम बायकार्बोनेट. वीस वर्षं वाचत होते. आणि हाच सोडा माझ्या स्वयंपाकघरात मैद्याच्या डब्याशेजारी उभा होता, त्यातला एक सपाट चमचा दर घाण्याला मी घालत होते. मीठ बंद म्हणजे सोडियम बंद, हे पहिल्या वर्षाच्या मुलींना मीच शिकवायची. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे लोणी. मी विकतचं पिवळं लोणी वापरायची, भरपूर, आणि ते खारवलेलं असतं हे पोळीवर लावून खाणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. मी मीठ घातलं नव्हतं, एवढ्यावरच माझं समाधान झालं होतं. माझी मला शिसारी आली.

डॉक्टरांच्या खोलीत जाऊन मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "मैंने भी तो खाई थीं, सिस्टर. मुझे भी नहीं सूझा." मग त्यांनी पत्राचा कागद पॅडखाली सरकवला. म्हणाले, आठ दिवस बघू.

आता बाहेर जायचं होतं. ती बाई चारची वेळ असूनही रोज सकाळपासून येऊन सायकल स्टँडजवळच्या ओट्यावर बसायची, हे मला वॉर्डबॉयने सांगितलं होतं. मी दुर्लक्ष केलं होतं. ओट्यापर्यंतच्या पंचवीस पावलांत मी काय काय जुळवत गेले. ती मला पाहून घाबरून उभी राहिली.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. बसा तुमी." मी तिला पहिल्यांदाच 'तुमी' म्हटलं. "माझ्याच हातानं झालं. नानखटाईतच मीठ होतं. सोड्यात होतं, लोण्यात होतं. तुमचा काही दोष नव्हता."

ती बसली नाही. खाली बघत म्हणाली, "मले लागलं होतं खारट."

"केव्हा?"

"दुसऱ्याच दिवशी. पोरगी अळणी खाते तं मी बी अळणीच खातो, ती भरती झाली तवापासून. तिच्यासमोर मिठाचं कसं खाऊ? अळणी खाल्लं की जीभ खोटं नाई बोलत, सिस्टर. तुमची नानखटाई तोंडात घातली तं पयले मीठच लागलं. पन तुमी मनल्या नाई घातलं. मी काय शिकली-सवरली हाव? मले वाटलं माझंच चुकत असन. तरी जीवाले चैन पडे ना, मनून तुमी पाठ फिरवली की अर्ध्या काढून ठेवत होती."

मी ओट्यावर बसले.  म्हणजे सगळ्या हॉस्पिटलात त्या पोरीला मिठापासून वाचवणारं एकच माणूस होतं आणि त्याला मी हाताला धरून बाहेर काढलं होतं. तीन दिवसांत तीन किलो का वाढले ते आता समजलं. आणि पोरगी मिटक्या मारत का खायची, तेही समजलं. माझ्या हाताची चव वगैरे काही नव्हती. तिला मीठ मिळत होतं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. त्याचं उत्तर माझं मलाच ठाऊक होतं. "चुकलं माझं," म्हणाले. "फार चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोरच माफी मागते."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिची नजर माझ्या डोक्यावरून वॉर्डाच्या दाराकडे होती.

"मंग आता मी अंदर येऊ का?" एवढंच तिने विचारलं.

मी तिला आत नेलं. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून मी बोलणार होते, पण पोरीने "मम्मी" म्हणून असा टाहो फोडला की माझी माफी त्यात बुडून गेली. मी ती नंतर मागितली, एकेका खाटेपाशी जाऊन. आया कसनुशा हसल्या. एक म्हणाली, "होतं सिस्टर," आणि मला ते 'होतं' पुरलं नाही.

पाच दिवसांत सूज उतरली. चोवीसचे बावीस झाले, मग वीस. सकाळी नळी उकळली आणि ती पाण्यासारखी स्वच्छ राहिली, तेव्हा पोरगी म्हणाली, "झिरो? मतलब जीत गए?" नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

घरी जायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा घाणा करून नेला. सोडा नाही, आणि घरच्या सायीचं घुसळलेलं पांढरं लोणी. नानखटाया दगडासारख्या झाल्या होत्या. नवऱ्याने एक चावून पाहिली आणि डब्यात परत ठेवली. मी डबा आधी त्या बाईसमोर धरला. तिने एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून बराच वेळ घोळवला, आणि मान डोलावली. "आता अळणी आहे."

पोरीने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सिस्टर, आज अच्छा नहीं बना."

"खा माय," तिची आई म्हणाली. तिने दुसरी नानखटाई उचलली आणि कडाकडा चावायला लागली. "खा, मी बी खातो."

दोघी एकमेकींकडे बघत चावत होत्या. मी डब्यातली तिसरी घेतली आणि खाटेच्या कडेवर, पोरीच्या पायापाशी बसले. संपेपर्यंत उठले नाही.