सरदाराला आलेलं बोलावणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही. आणि ती तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी ओळखते.

शिमग्याला देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या बाबांचा. पण जिभेला हाड नाही. एकदा भर बैठकीत ते नको ते बोलले आणि गावाने मान काढून घेतला. बाबांनी देवळाची पायरी सोडली. पुढे डोळेही गेले.

मग दुपारी पडवीत मी त्यांना वाचून दाखवायचो – अठराव्या शतकातल्या एका रशियन सरदाराचं चरित्र. नावं अशी, की दातांत सुकट अडकावी. पण बाबा रंगले. झारच्या उजव्या हाताला बसणारा, कर्तबगार, आणि तोंडाळ. आपल्यातलाच आहे, म्हणायचे.

दरबाराने त्याला दूर बर्फात हद्दपार केलं, तिथवर आम्ही आलो. बाबांनी हातानेच मला थांबवलं. मग म्हणाले, "उद्या मला देवळात ने रे. मीच माफी मागतो. रुसून माणूस एकटा मरतो, दुसरं काय?"

आता – हे सांगायलाच हवं – तो मान मला द्यायचं गावाने ठरवलं होतं. बाबांना मी बोललो नव्हतो. त्यांनी माफी मागितली असती, तर गावाने तो त्यांनाच परत दिला असता.

शेवटचं पान माझ्यासमोर होतं. सरदार तिथेच बर्फात मेला. मी काय वाचलं? झारने चूक कबूल केली, घोडागाडी पाठवली, मानाने परत बोलावलं.

"बगितलंस?" बाबा म्हणाले. "बोलावणं येतंच. आपण कशाला जायचं?"

दया आली म्हणून का वाचलं तसं? छे. मला तो मान हवा होता.

बाबा वाट बघत राहिले – खुशीत, हेही खरं. दर शिमग्याला धुतलेलं धोतर नेसून पडवीत बसायचे. मी देवळाकडे निघालो की म्हणायचे, "मला बोलावतील तोवर तू सांभाळ हां."

ते जाऊन बरीच वर्षं झाली. गाऱ्हाणं अजून मीच घालतो. मला ते फार आवडतं, रात्री झोपही छान लागते. देवाकडे गावासाठी सगळं मागतो – कलमांना आंबा, होड्यांना मासळी, मुंबईतल्या पोरांना सुख – आणि गाव एका सुरात म्हणतं, व्हय महाराजा.

माझ्यासाठी तेवढं मी काही मागत नाही.