हाताला लागलेला चिखल

"तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही," पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात." मग त्यांनी सोपं करून सांगितलं. भयंकर प्रसंग घडून जातो, पण मेंदूला तो संपल्याचं कळतच नाही. तो आत्ता घडतोय असं समजून शरीर घाबरत राहतं.

तोवर मी त्वचेच्या डॉक्टरांची दोन मलमं संपवली होती. दिवसातून वीसेक वेळा हात धूत होते. नखांत ओला चिखल अडकलाय असं वाटायचं, आणि धुतलेले हात नाकाशी नेले तरी त्याचा वास यायचा. भोरजवळच्या उत्रोलीत आमची भातखाचरं दाराशीच आहेत. तिथं चिखलाला भिणारी सून म्हणजे गावाला आयतीच करमणूक. त्यात मी वेल्ह्याच्या शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून 'बाईंचे हात नाजूक' हेही ऐकून घेतलं.

भाद्रपदात दोन दिवस पाऊस उघडला होता. दुपारी मागच्या खोलीची, पावसात भिजून मऊ झालेली मातीची भिंत आत कोसळली, आणि आत मंदा होती. मंदा माझी धाकटी जाऊ. मी नुसत्या हातांनी माती उपसली. ती सापडली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्याही फुटल्या नव्हत्या. पण ती गेली होती.

तिला आत मीच पाठवलं होतं. शाळेतल्या मुलांचे चित्रांचे कागद तिथल्या ट्रंकेत होते. मला उठायचा कंटाळा आला, म्हणून म्हणाले, "मंदे, तेवढे आण गं." हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला हात लावेनाशी झाले. तिची वेणी घालायला घेतली की माझा चिखल तिच्या केसांना लागतोय असं वाटे. एकदा मी तिला ढकलूनच दिलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून फणी घेऊन आजीकडे जाऊ लागली, माझ्याकडे न बघता. पोर हातची चालली या भीतीनं मी पुणं गाठलं.

गोळ्यांनी झोप लागायला लागली. वास मात्र जाईना. मग डॉक्टरीणबाईंनी आर्ट थेरपीला पाठवलं. म्हणजे जे तोंडानं सांगता येत नाही ते रंगांतून, रेषांतून बाहेर काढायचं. चित्र चांगलं यायची अट नाही. मी मुलांकडून वर्षानुवर्षं दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून घेतलेली बाई. आता माझी पाळी आली म्हणून मनात हसले.

थेरपिस्ट नीलिमाताईंनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर शाडूचा ओला गोळा ठेवला. मी ओरडून उठले ती थेट नळाशी. त्या मागोमाग आल्या, नळ बंद होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी आधी विचारायला हवं होतं." इतक्या महिन्यांत कुणी चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोरडं असं काय हातात घ्यायला बरं वाटेल?" त्यांनी विचारलं.

"रांगोळी," मी म्हणाले.

रोज घरी थोडी रांगोळी काढा, असं त्यांनी सांगितलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे दारात रांगोळी घालत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही बोलले नाही. चोरून काढायची ठरवली. आडोसा एकच होता, घरामागं, जिथं ती खोली होती तिथं.

फुलं-वेली काही सुचेना. मी भिंतच काढली. आडव्या रेघा, दार, कोनाडा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं.

"वरीस झालं न्हाई अजून, आन् रांगोळी घालतीस व्हय?"

मी पुसायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला. मग रेघांकडे बघत खाली बसल्या आणि चिमूट घेऊन एका कोपऱ्यात चार उभ्या रेघा ओढल्या.

"हितं माजं सरपान हुतं. म्याच तिला आत धाडलं. चुलीला दोन लाकडं आन म्हनलं."

मी माझ्या कागदांचं सांगितलं. मंदा नेमकी कुणाच्या कामाला आत गेली, हे आम्हा दोघींना कधीच कळणार नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, भिंत पडल्यापासून पहिल्यांदा.

आठेक दिवसांनी मुलीला म्हणाले, "ये, वेणी घालते." ती जरा लांबच उभी राहिली. मग आली. भांग वाकडा पडला, वासही येत होता. मी वेणी पुरी केली.

पुढं मी स्वतः आर्ट थेरपी शिकले. आता आठवड्यातून एकदा वेल्ह्यात बसते. कुणापुढंही काही ठेवण्याआधी विचारते: तुमच्या घरी सध्या काय चालत नाही? कशाला हात लावावासा वाटत नाही? तुमच्या घरात कुणी असं सारखं हात धूत असेल, दचकत असेल, तर चेष्टा करू नका. डॉक्टरकडे न्या. आणि नीलिमाताईंसारखं 'चूक माझी' म्हणणारं माणूस त्यांना मिळो. मला मिळालं, हे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या महिन्यात वरच्या वाडीतून एक शेळ्या राखणारी बाई आली. तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत कड्यावरून पडून गेला होता. ती दारातच उभी राहिली.

"तुमाला बी असंच झालं हुतं म्हनं. आता समदं बरं झालं का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "आज सकाळीसुद्धा वास आला."

तिनं चपला काढल्या, आत आली आणि माझ्यासमोर बसली.